तिसराही हब गेला

बुधवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी वर्तकनगरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यूएसबी हब बंद पडला. जीवितहानी नाही. त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांच्या सगुणाबाई माइकसमोर बसून धवला गात होत्या आणि त्यांच्या गाण्यात तोपर्यंत एकोणीस देव लग्नाच्या मांडवात येऊन बसले होते. विसाव्याचं नाव निम्मं उच्चारलं गेलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावरून माइक नाहीसा झाला. त्याबरोबर कीबोर्ड गेला, रेकॉर्डिंग साठवायची डिस्क गेली आणि रुचिताचा धीर गेला. पंधरा दिवसांतला हा तिसरा हब होता.

बारा वाजता रुचिताच्या सासूबाई मीराबाई यांनी डोंबिवलीत मानपाड्याला फोन लावला. तिथे त्यांनी वीस वर्षं काढली होती आणि शेजारी पोपटराव खुटाळे राहत. प्रकरण अशा रीतीने खासगी तपासाकडे गेलं. रुचिताला कोणी विचारलं नाही.

पोपटराव कोण, हे त्यांच्याच शब्दांत सांगितलेलं बरं, कारण त्या शब्दांत ते दुसरं कोणी सांगत नाही. त्यांच्या कार्डावर असं छापलं आहे: "पोपटराव ग. खुटाळे. निवृत्त वजनमापे निरीक्षक. एकतीस वर्षांच्या सेवेत ज्यांच्या नजरेतून ग्रॅमही निसटला नाही. आता खासगी तपास, सर्व प्रकारचे. गुप्ततेची हमी." गुप्ततेची हमी पोपटराव स्वतःच सर्वांना सांगत असल्यामुळे निम्म्या मानपाड्याला त्यांच्या सगळ्या केसेस पाठ होत्या. त्यातली सर्वांत गाजलेली केस म्हणजे हरवलेली कुकरची शिट्टी. तपास अकरा दिवस चालला. शिट्टी कुकरवर होती, कुकर शेजारणीकडे होता आणि शेजारणीला तो पोपटरावांच्या पत्नी मालनबाईंनीच दिला होता.

पोपटरावांना स्कूटर चालवता येत नाही. म्हणून प्रत्येक तपासात त्यांच्याबरोबर सुदेश असतो. सुदेश त्यांचा साडू. वय बावन्न, मानपाड्यात झेरॉक्सचं दुकान, स्वभाव गरीब. लग्नाच्या वेळी त्याने मुलगी पाहिली, सासूसासरे पाहिले, पण मोठ्या मेव्हणीच्या नवऱ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. ही त्याच्या आयुष्यातली एकमेव तपासातली चूक. ती तो सव्वीस वर्षं स्कूटरवरून वाहून नेत होता.

"सुदेशराव, वही घ्या," पोपटराव फोनवर म्हणाले. "आणि पेट्रोल भरा. ठाण्यात गुन्हा झालाय."

"कसला?"

"डबी गेलीय."

"चोरीला?"

"जागेवरच आहे. म्हणूनच गंभीर आहे."

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला दोघे वर्तकनगरला पोहोचले. रुचिताने दार उघडलं आणि आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग पोपटरावांच्या हातातल्या पितळी तराजूकडे.

"पोपटकाका, हे कशाला?"

"माझं हत्यार आहे, मुली. तू फक्त प्रश्नांची उत्तरं दे. हब म्हणजे काय?"

रुचिता शाळेत संगीत शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिने घरातली जेवणाची खोली रिकामी केली, भिंतींना गाद्या लावल्या आणि तिथे छोटा स्टुडिओ केला. तिने शांतपणे समजावलं. नव्या लॅपटॉपला वायर खुपसायला दोनच जागा. एकीत चार्जर. उरलेल्या एकीत माइक, कीबोर्ड, डिस्क, सगळंच लावायचं. म्हणून एक छोटी डबी असते, जी एका जागेच्या चार जागा करते. तीच हब.

"पहिला हब मला वाटलं स्वस्तातला म्हणून गेला. दुसरा महाग घेतला, तोही गेला. हा तिसरा खास स्टुडिओवाले वापरतात तो. दुपारी मी एकटी काम करते तेव्हा तीन तीन तास चालतो. आजी गायला बसल्या की पंधरा मिनिटांत जातो. परत लावला की पुन्हा ठणठणीत."

"काल तारीख काय होती?" पोपटरावांनी डोळे बारीक केले.

"एक एप्रिल."

"लिहा, सुदेशराव."

सुदेशने लिहिलं. त्याला सगळंच लिहायची सवय होती. दुकानात लोक काय काय झेरॉक्स करायला आणतात तेही तो लिहून ठेवायचा.

आजी म्हणजे सगुणाबाई. कोलशेतच्या. त्यांच्या घराण्याची मिठागरं होती, आता त्या जागी बावीस मजली इमारत आहे. सगुणाबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंतची गाणी म्हणणारी बाई ती धवलारीण, आणि ती बसल्याशिवाय जुन्या घरांतून हळद लागत नाही. त्यांची नात करिश्मा रुचिताची मैत्रीण. करिश्माचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं आणि सगुणाबाईंच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन येत्या मंगळवारी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाज बहुतेक परत येईल. त्या 'बहुतेक'पायी करिश्मा आजीला पंधरा दिवसांत चौथ्यांदा इथे घेऊन आली होती.

अडचण अशी की ज्या धवल्यात देवांना आवतण द्यायचं तो मध्ये तोडता येत नाही. सगुणाबाईंनी ते स्वतःच सांगितलं. त्या खुर्चीवर बसत नसत. चटईवर बसल्या होत्या, कानाला मोठे हेडफोन, त्यांवरून पदर.

"अर्धं देव मांडवान येऊन बसतान न् अर्धं वाटंव उबं. वाटवरच्यांना काय सांगू? डबी बिघरली? पयल्यापासून बोलवाला लागतं. न् मना दिसाचा येकदाच व्हतं आता. गला साथ देत नाय."

"म्हणजे कोणाला तरी हे गाणं पूर्ण व्हायला नको आहे," पोपटराव हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचा हलका आवाज जिन्यापर्यंत गेला.

अकराला सगुणाबाईंनी सुरुवात केली. रुचिता लॅपटॉपपाशी, करिश्मा दारात, पोपटराव भिंतीला कान लावून. गादी असल्यामुळे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. बाहेरच्या खोलीत मीराबाईंची मालिका लागली होती, सकाळी लागते ती, आदल्या रात्रीचाच भाग. सुदेश दोन्ही ऐकत होता आणि त्याला धवला जास्त आवडला. नावं ठाऊक नव्हती त्याला त्या देवांची. कोणी खाडीचा, कोणी बांधावरचा. पण प्रत्येकाला इतक्या आर्जवाने बोलावलं जात होतं की त्यांच्या जागी सुदेश असता तर नक्की गेला असता.

अकरा बाराला हब गेला.

"गेली ना गो परत?" सगुणाबाईंनी हेडफोन काढले.

करिश्माने कपाळाला हात लावला.  रुचिताने वायर काढली, परत खोचली. सगळं चालू झालं. पण सगुणाबाईंचा दिवस संपला होता.

सुदेशच्या वहीत त्या सकाळची नोंद अशी आहे: "११.१२ हब बंद. ११.१६ आल्याचा वास. ११.२१ चहा आला, सोबत खारी. ११.३१ पोपटराव बोलत असताना हब पुन्हा बंद. ११.३८ पोपटरावांचा बिनसाखरेचा चहा."

पोपटरावांनी वही मागून घेतली.

"सुदेशराव, तपासाची वही आहे ही, हॉटेलची नव्हे. चहा खोडा."

"पण दोन्ही वेळेला..."

"हब आधी गेला का चहा आधी आला?"

"हब."

"मग जो नंतर आला त्याने आधीचं कसं केलं? परिणाम कारणाच्या आधी येत नाही. एकतीस वर्षं हेच शिकलो. खोडा."

सुदेशने खोडलं.

"आता ऐका. दोन दिवस अकरा बारा. म्हणजे गुन्हेगार वक्तशीर आहे. म्हणजे नोकरदार आहे. आणि अकरा एकतीसला त्याने मी बोलत असताना हब बंद पाडला. तो मला ओळखतो."

"बोलताना अडवावंसं कोणालाही वाटू शकतं," करिश्मा म्हणाली.

पोपटराव तिच्याकडे वळले. त्यांच्या मते संशय आता तिच्यावर होता.

"हळदीला डीजे सांगितलाय?"

"सांगितलाय ना."

"डीजे आणि आजीचं गाणं एकाच मांडवात. दोन्हींपैकी एकच चालणार. लिहा, सुदेशराव, हेतू."

"ओ काका," करिश्माचा आवाज चढला, "आजीला चार वेळा इथे मी घेऊन आलेय. सुट्ट्या मी काढल्यात. आजीचा आवाज गेला तर माझ्या हळदीला कोण बसणार ते सांगा ना आधी. तुम्ही बसणार?"

पोपटराव विचारात पडले. सुदेशला भीती वाटली की ते हो म्हणतील.

त्या संध्याकाळी तपास ठाणे स्टेशनजवळच्या गल्लीत गेला. तिथल्या एका छोट्या दुकानातून रुचिताने तिन्ही हब घेतले होते. दुकानदार हर्षित, तिशीतला. पोपटरावांनी काउंटरवर तराजू मांडला आणि दुकानातले त्याच तीन प्रकारचे हब एकामागून एक तोलले. बेचाळीस ग्रॅम, अडतीस, एकसष्ट.

"पाहिलंत? तीन नग, तीन वजनं."

"काका, कंपन्या वेगळ्या आहेत."

"वजन करून दिले होते का?"

"हब किलोवर नाही मिळत, काका."

"तेच म्हणतोय मी. म्हणूनच फावतं."

मागे उभ्या असलेल्या बाईने आपला मोबाइलचा चार्जर पिशवीतून काढून हातात तोलून पाहिला आणि न घेताच निघून गेली. हर्षितने सुदेशकडे पाहिलं. सुदेशने नजरेनेच माफी मागितली. त्याला त्याची सवय होती.

"भरवशाचा हब द्या," सुदेश म्हणाला.

"कसाय ना काका, भरवसा हबचा नसतो, घरातल्या वायरिंगचा असतो. पण हा घेऊन जा. याला लोखंडी कवच आहे. परत आला तर मीच दुकान बंद करतो."

चौथा हब एकशे अठरा ग्रॅम भरला. पोपटरावांचं समाधान झालं.

शुक्रवारी त्यांनी पूर्ण बंदोबस्त केला. हबला लावलेल्या चारही वायरी तारेने बांधल्या आणि गाठींवर शिशाची सील ठोकली, जशी दुकानातल्या वजनकाट्यांना ठोकतात. ठोकताना रुचिता दुसरीकडे बघत होती. हब भिंतीतल्या एका कोनाड्यात ठेवला होता. ती खोली जेवणाची असताना स्वयंपाकघरातून ताटं सरकवायची ती खिडकी होती. आता पलीकडून प्लायवुड ठोकून बंद केलेली. करिश्माचा फोन बंद करून शेजारी ठेवला. वरच्या मजल्यावर दौलत नावाचे एक गृहस्थ राहत, त्यांच्या मिक्सरवर पोपटरावांचा दुसरा संशय होता. तिथे पहारा करायला सुदेशला पाठवलं.

दौलत निवृत्त पोस्टमन निघाले. त्यांनी सुदेशला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कोणाची वाट बघताय?"

"मिक्सर लावायची."

"चटणी हवीय का?"

अकरा बाराला मिक्सर बंद होता, दौलत समोर बसले होते आणि खालून रुचिताचा आवाज आला, "नाही! नाही, नाही, नाही!"

सुदेश धावत खाली आला. चारही सील शाबूत होती. पोपटराव हातात भिंग घेऊन सील बघत होते. आज सत्तावीस देव येऊन बसले होते. शनिवारचा एकच दिवस उरला होता. रविवारी डॉक्टरांनी गळ्याला विश्रांती सांगितली होती आणि सोमवारी दाखल व्हायचं होतं. करिश्मा भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि ती रडते आहे हे गाद्यांमुळे जरा उशिरा कळलं.

"नको रडूस गो," सगुणाबाई म्हणाल्या. मग रुचिताकडे वळून त्यांनी विचारलं, "मना येक सांग. तुजे घरान टिकटिक कोन करतं?"

"कसली टिकटिक, आजी?"

"यान." त्यांनी हेडफोनवर बोट ठेवलं. "रोज व्हतं. आदी टिक. मंग टिक, टिक. कंदी तीन, कंदी आठ. न् मंग गप. मना वाटला पाल हाय भिंतीन. मी तालान घेतलं तिला दोनदा."

"पालीने हब बंद पडत नाही," पोपटराव म्हणाले. मग त्यांनी वाक्य पुढे न्यायचं ठरवलं. "अर्थात पाल कोणी मुद्दाम आणून सोडली असेल तर..."

"गप बस रे जरा," सगुणाबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांच्या सेवेत हे कोणी म्हटलं नव्हतं. पोपटरावांनी भिंग खिशात ठेवलं.

रुचिताने वायर परत खोचली. माइक आला. सगुणाबाईंनी हेडफोन चढवले आणि डोळे मिटले.  तेवढ्यात बाहेरून मीराबाई म्हणाल्या, "पोपटरावांचा बिनसाखरेचा ठेवते हो आता," आणि सगुणाबाईंनी एक बोट वर केलं.

"आली," त्या म्हणाल्या. "येक. दोन. तीन."

पडद्यावरून माइक गेला.

रुचिता धावत स्वयंपाकघरात गेली. मीराबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. हातात गॅसचा लायटर. जुना होता, कधी तीन तर कधी आठ वेळा दाबल्याशिवाय ठिणगी पडत नसे. ओट्याच्या मागच्या भिंतीत ताटं सरकवायच्या खिडकीचं प्लायवुड होतं आणि त्या प्लायवुडपलीकडे, शेगडीपासून वीतभर अंतरावर, हब.

"आई, परत दाबा."

"पेटलाय गं."

"नुसता दाबा."

टिक. करिश्मा आतून ओरडली, "गेला!"

वायर पुन्हा खोचली. टिक, टिक. "गेला!" हे पाच वेळा करून पाहिलं. लायटरची ठिणगी ज्या क्षणी पडे त्या क्षणी तिच्या विजेच्या झटक्याने हब मान टाके. महागाचा, स्वस्ताचा, लोखंडी कवचाचा, सगळे सारखेच. दुपारी मीराबाई झोपत, म्हणून दुपारी तो चालत असे. सकाळचा स्वयंपाक नऊलाच उरकत असे. मालिका अकरा दहाला संपे, की त्या उठून पाहुण्यांसाठी चहा टाकत. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी घरात पाहुणे असतच.

"म्हणजे मी बंद पाडत होते?" मीराबाई ओट्याला टेकल्या. "रोज? अगं, मला काय माहीत! माणूस दारात आलं की चहा ठेवायचा एवढंच मला माहीत."

"माझा संशय पहिल्यापासून स्वयंपाकघरावर होता," पोपटराव म्हणाले.

सुदेशने वही उघडली. चहा तीन ठिकाणी खोडलेला होता. त्याने वही बंद केली. संध्याकाळी परत यांनाच स्कूटरवर बसवून न्यायचं होतं.

खरी अडचण पुढे आली. रुचिताने सांगितलं की उद्या गाणं होईपर्यंत चहा करायचा नाही. मीराबाईंनी ते ऐकून घेतलं आणि नकार दिला.

"चौऱ्याहत्तर वर्षांची बाई कोलशेतहून येणार, गळा ताणून गाणार, आणि मी तिला कोरडं बसवू?"

"थर्मासमध्ये करून ठेवा ना, आई."

"थर्मासचा चहा आजाऱ्याला देतात."

"त्या मंगळवारी आजारीच होणार आहेत!"

"मंगळवारी देईन मग थर्मासचा."

चर्चा पाऊण तास चालली. पोपटरावांनी मधला मार्ग म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला सील ठोकण्याची तयारी दाखवली. शेवटी सगुणाबाईच म्हणाल्या, "काडीन पेटव ना गो बाय. आमी काडीनच पेटवलं जल्मभर." काडेपेटी देव्हाऱ्यात होती. एवढंच करायचं होतं. रुचिताचे पहिले दोन हब मात्र तिने आधीच ई-कचऱ्यात देऊन टाकले होते. दोन्ही उत्तम चालत होते.

शनिवारी अकरा वाजता सगुणाबाई बसल्या. अकरा अकराला मीराबाईंनी काडी ओढली. रुचिताने डोळे घट्ट मिटले. माइक जागेवर राहिला. धवला एकदाही न तुटता सदतीस मिनिटं आणि चाळीस सेकंद चालला. करिश्माने बोटांवर मोजले, चौसष्ट देव आले. शेवटच्या देवाला बसायला पाट दिल्यावर सगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्यांचा आवाज इतका बसला होता की पाणी खुणेनेच मागितलं. चहाही आला. त्या वेळी तो कोणालाच आठवला नव्हता.

रेकॉर्डिंग तीन ठिकाणी जतन केलं आहे. पोपटरावांनी केसचा अहवाल लिहिला. तो सुदेशच्या दुकानात झेरॉक्स झाला, वीस प्रती. त्यात अहवाललेखकाने "ध्वनिलहरींच्या सूक्ष्म निरीक्षणातून" गुन्हेगार निश्चित केल्याचं म्हटलं आहे. सगुणाबाईंचा उल्लेख "एक स्थानिक साक्षीदार" असा आहे.

मंगळवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ठीक झालं. पण तपासणी होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही.

रविवारी दुपारी करिश्माने आजीला तिचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकवलं. सगुणाबाई पलंगावर बसून ऐकत होत्या, बोटांनी गुडघ्यावर ठेका देत. बाविसाव्या मिनिटाला बोटं थांबली. त्यांनी हात वर केला. करिश्माने बंद केलं. त्यांनी खुणेने मागे न्यायला सांगितलं. तीच जागा त्यांनी तीनदा ऐकली. मग नातीकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणतात तशी.

"काय चुकलं, आजी? कोण राहिलं का?"

सगुणाबाईंनी मान डोलावली आणि हातांनी काहीतरी सांगितलं. उंच, मग पाण्यासारखं काहीतरी, मग पुन्हा उंच. करिश्माला कळलं नाही. त्यांना लिहिता येत नाही. करिश्माने ओळखीचे सगळे देव एकेक करून म्हणून पाहिले. त्या प्रत्येकाला मान हलवत गेल्या आणि शेवटी दमून भिंतीकडे तोंड करून पडल्या.

पोपटरावांना बातमी त्याच संध्याकाळी कळली. त्यांनी सुदेशला पेट्रोल भरायला सांगितलं. सुदेशने या वेळी गाडी बिघडल्याचं सांगितलं. ती बिघडलेली नाही.

रुचिताने हब काढलेला नाही. माइक लावून ठेवलेला आहे, चटई अंथरलेली आहे. गळ्याची तपासणी गुरुवारी, सोळा तारखेला, सकाळी साडेनऊला आहे.